शिल्पवाटा आणि त्या राखणारी माणसं

इंग्लंडच्या उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्टमध्ये, कॉनिस्टन वॉटर आणि विंडरमिअर या दोन तळ्यांच्या मधल्या डोंगरांवर ग्राइझडेल नावाचं जंगल आहे. जंगल म्हटलं तरी त्याचा बराच भाग वनखात्याने लाकडासाठी लावलेला. पहिल्या महायुद्धात खाणींना आणि खंदकांना लाकूड पुरवताना ब्रिटनची झाडं संपत आली, म्हणून १९१९ साली फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं आणि पुढच्या काही दशकांत डोंगरच्या डोंगर स्प्रूस आणि लार्चच्या सरळ रांगांनी भरले. अशा या लागवडीच्या जंगलात १९७७ साली शिल्पकारांना राहायला बोलावलं गेलं. पुढाकार नॉर्दर्न आर्ट्स या कलासंस्थेचा होता, पण जंगलाचं दार उघडलं ते बिल ग्रँट या तिथल्या मुख्य वनाधिकाऱ्याने. त्याने त्याआधीच जंगलात एक छोटं नाट्यगृह सुरू केलं होतं. आता त्याने शिल्पकारांना जागा दाखवल्या, लाकूड दिलं, ते ओढायला माणसं दिली. अटी साध्या होत्या. कलाकाराने काही महिने तिथेच राहायचं, खर्चापुरतं मानधन घ्यायचं आणि सामान होईल तितकं जंगलातलंच वापरायचं: वादळात पडलेलं झाड, विरळणीत निघालेले बुंधे, ओढ्यातले आणि पडक्या कुंपणांतले दगड.

शिल्पवाटांची आजची कल्पना, म्हणजे रानातून चालत जावं आणि वळणावळणावर एखादं शिल्प भेटावं, हिचा मोठा उगम ग्राइझडेलमध्ये आहे. तिथून ती ब्रिटनभर पसरली. युरोपात आणि जपानात तिच्या वेगळ्या जाती निपजल्या. या पुस्तकात त्यांतल्या काही निवडक वाटांची ओळख आहे. नकाशे, अंतरं, कुठून सुरुवात करावी, हे सगळं त्या त्या प्रकरणात येईलच. प्रस्तावनेत मला एकाच गोष्टीवर थांबायचं आहे. शिल्पवाटेवर पाट्या शिल्पकारांच्या नावाने लागतात, आणि लागायलाच हव्यात. पण ती वाट टिकते की दहा वर्षांत गवतात हरवते, हे ठरवतात त्या जमिनीवर आधीपासून राबणारे लोक. वनमजूर, गडगे रचणारे, मेंढपाळ, भातशेतकरी, गावातला वाटाड्या. ज्या वाटा त्यांना सोबत घेऊन आखल्या गेल्या, त्यांच्यावरची शिल्पं आजही जिवंत वाटतात. बाकी ठिकाणी चांगल्या कलाकारांची चांगली कामंसुद्धा परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखी अवघडून उभी दिसतात.

ग्राइझडेलला पहिल्या तुकडीत रिचर्ड हॅरिस होता. पाठोपाठ १९७८ मध्ये डेव्हिड नॅश आला. त्याने पोखरलेले बुंधे आणि फांद्या एकापुढे एक जोडून डोंगरउतारावर लाकडी पाट केला. ओढ्याचं पाणी त्यातून खळाळत खाली जाई. कोकणात पोफळीच्या पन्हळीतून आगराला पाणी नेताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे काम समजावून सांगावं लागणार नाही. सॅली मॅथ्यूजने रानडुकरांचा एक कळप एका मोकळवणीत सोडला. कित्येक शतकांपूर्वी त्या मुलखातून नाहीशी झालेली डुकरं शिल्परूपात झाडीतून अचानक समोर येत. १९८४ मध्ये अँडी गोल्ड्सवर्दीने पाइनचे बुंधे एकत्र बांधून सात उंच निमुळते सुळके उभे केले, तेही पाइनच्याच दाट रांगांमध्ये. दुरून ते दिसतच नसत. जवळ गेल्यावर कळे की शेजारच्या झाडांपेक्षा हे काहीतरी निराळं आहे.

त्याच गोल्ड्सवर्दीचं १९९० सालचं एक काम मात्र जरा निवांत पाहायला हवं. नाव आहे ‘टेकिंग अ वॉल फॉर अ वॉक’. ही चुना-सिमेंट न वापरता, नुसते दगड रचून केलेली भिंत आहे. आपल्याकडे कोकणात जो गडगा घालतात, त्याचीच ही जातकुळी. लेक डिस्ट्रिक्टमध्ये असे गडगे मैलोन्‌मैल डोंगरमाथ्यापर्यंत चढलेले दिसतात. शेत मोकळं करताना निघालेले दगड त्यांत लागले आणि मेंढरं अडली. घालायची पद्धत ठरलेली आहे. दोन बाजूंनी दगडांचे दोन पदर, दोन्ही किंचित आत झुकलेले. मध्ये बारीक दगडांची भर. ठरावीक उंचीवर एक लांब दगड आडवा घालायचा, तो दोन्ही पदरांना धरून ठेवतो. वर उभ्या दगडांची ओळ. यात एक दगड चुकीचा बसला तर पहिल्या कडक हिवाळ्यात भिंत पोट काढते. लेक डिस्ट्रिक्टमधला गडगा सहसा नाकासमोर जातो, कारण त्याचं काम हद्द आखण्याचं. गोल्ड्सवर्दीची भिंत मात्र झाडापाशी आली की वळते. दुसरं झाड आलं की उलट्या बाजूला वळते. अशी नागमोडी वळणं घेत ती जंगलातून जाते. कधीकाळी मेंढ्यांचं कुरण असलेल्या जमिनीवर वनखात्याने झाडं लावली आणि जुने गडगे त्या झाडीत बेवारस पडले. ही भिंत त्या झाडांशी जुळवून घेते, जागा मागून घेते. आज तिच्यावर शेवाळ चढलंय, काही ठिकाणी दगड ढासळलेत. मला ती अशीच आवडते.

याच कल्पनेचा मोठा अवतार त्याने १९९७-९८ मध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या स्टॉर्म किंग या शिल्पउद्यानात उभा केला. तिथली भिंत २,२७८ फूट लांब आहे. ती झाडांना वळसे घालत तळ्यात उतरते आणि पलीकडच्या काठाने वर येते. ती रचायला ब्रिटनमधून गडगे घालणारे कारागीर गेले होते. त्यांच्या हातचं कसब नसतं तर हे काम कागदावरच राहिलं असतं, आणि गोल्ड्सवर्दीने ही गोष्ट कधी लपवली नाही.

ढासळण्याचा विषय निघालाच आहे, तर तो इथेच पुरा करतो, कारण नवख्या वाचकाला शिल्पवाटांबद्दल सगळ्यात जास्त खटकते ती हीच बाब. एवढ्या मेहनतीचं काम कुजू कसं देतात? ग्राइझडेलमध्ये पहिल्यापासून मान्य होतं की लाकूड सडेल, पाऊस झिजवेल, बुरशी खाईल, आणि धोका वाटू लागला की काम उतरवलं जाईल. चार दशकांत तिथली कितीतरी शिल्पं अशी गेली. नॅशचा तो लाकडी पाटही काळाच्या ओघात झिजत गेला.

नॅशनेच वेल्समधल्या फेस्टिनिओगच्या खोऱ्यात १९७८ साली एका जुन्या ओकच्या बुंध्यातून भलामोठा गोळा कोरला. तो ओढ्यातून वाहवत खाली न्यायचा बेत होता. गोळा धबधब्याखाली अडकला. नॅशने त्याला तसाच सोडला आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्यावर नजर ठेवली. पूर आला की गोळा थोडा पुढे सरके, मग वर्षानुवर्षं डोहात पडून राही. असं करत तो ड्वुरिड नदीच्या खाडीपर्यंत पोहोचला आणि २००३ मध्ये दिसेनासा झाला. २०१३ मध्ये पुन्हा दिसला, मग परत गेला. या गोळ्याची वाट कोणी आखली नव्हती, ती ओढ्याने आखली. शिल्प निसर्गाच्या हवाली करणं म्हणजे काय, हे सांगायला इतकं नेमकं दुसरं उदाहरण माझ्याकडे नाही.

ग्लॉस्टरशरमधल्या फॉरेस्ट ऑफ डीनची शिल्पवाट १९८६ ची. ब्रिस्टलच्या आर्नोल्फिनी कलादालनाने आणि फॉरेस्ट्री कमिशनने मिळून ती आखली. त्या वाटेचं ओळखचिन्ह होतं माग्दालेना येतेलोवा या चेक शिल्पकार बाईने केलेलं ‘प्लेस’: ओकच्या ओबडधोबड ओंडक्यांची प्रचंड खुर्ची, टेकाडाच्या कडेला, खालच्या खोऱ्याकडे तोंड करून. गावातल्या पोरांनी तिला राक्षसाची खुर्ची केलं. जवळपास तीन दशकं ऊन-पाऊस सोसल्यावर लाकूड पोकळ झालं आणि २०१५ मध्ये ती उतरवावी लागली. ती कचऱ्यात गेली नाही. तिथल्या जुन्या पद्धतीने भट्टी लावून तिचा कोळसा केला. डीनचं जंगल शतकानुशतकं कोळशाच्या भट्ट्यांसाठी ओळखलं गेलं. लोखंड गाळायला त्याच कोळशाची आच लागे. त्या जंगलातल्या ओकचा शेवट त्या जंगलाच्याच जुन्या धंद्याने व्हावा, यात मला फार मोठा आदर दिसतो. हे संग्रहालयात बसून सुचत नाही, तिथल्या मातीत वावरणाऱ्यांना सुचतं.

सगळ्या वाटा अशा जमलेल्या नाहीत, हेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकानंतर ब्रिटनमध्ये शिल्पवाटांचं पीक आलं. गिरण्या बंद पडलेली गावं, खाणी संपलेली खोरी यांना नवं काही द्यायचं म्हणून सार्वजनिक पैसा आला आणि शिल्पं उभी राहिली. त्यांतली काही सुंदर आहेत. सॅलफर्डपासून बेकपपर्यंत इरवेल नदीच्या काठाकाठाने जाणारी ३० मैलांहून लांब वाट कापडगिरण्यांच्या मुलखाचा इतिहास उलगडत जाते. बर्नलीजवळच्या उघड्या टेकडीवर २००६ मध्ये उभं केलेलं ‘सिंगिंग रिंगिंग ट्री’ पोलादी नळ्यांचं आहे. वारा सुटला की त्या घुमतात, आणि त्या टेकडीवर वारा नसतो असा दिवस क्वचितच. पण काही ठिकाणी शिल्प आधी ठरलं, जागा नंतर शोधली गेली. असं काम पाहताना पाय पुढे ओढ घेतात.

इतिहास नीट धरून ठेवलेली एक लहान वाट मला महत्त्वाची वाटते. लँकशरमधल्या पेंडल टेकडीच्या पायथ्याला बार्ली गाव आहे आणि वर एटकेन वूड नावाचं रान. १६१२ साली या परिसरातल्या बायका-पुरुषांवर चेटूक केल्याचा खटला भरला आणि लँकेस्टरला दहा जणांना फाशी दिली. त्याला ४०० वर्षं झाली तेव्हा, २०१२ मध्ये, या रानात शिल्पवाट झाली. मुख्य कलाकार फिलिप हँडफर्ड. तोडलेल्या झाडांचे बुंधे आणि उरलेले खुंट यांना लाकडी कमानींनी पुन्हा जोडून त्याने केलेलं काम तिथलं सर्वांत बोलकं. याच वाटेवर एक माणूसभर उंचीचा लाकडी पुतळा आहे, तो चेटकिणीचा नाही. तो आहे आरोपींची चौकशी करणारा दंडाधिकारी रॉजर नोवेल. रानात एकट्याने चढताना समोर येतो तो संशय घेणारा माणूस. ही निवड ज्याने केली, त्याला त्या गावाची जखम ठाऊक होती.

आत शिरून अनुभवायचं काम बघायचं तर नॉर्थम्बरलँडमध्ये कील्डरला जावं. टीस नदीच्या काठच्या कारखान्यांना पाणी हवं म्हणून तिथे नॉर्थ टाइन नदीवर धरण बांधलं आणि १९८२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. खोऱ्यातली शेतं, घरं, जुन्या रेल्वेलाइनचा एक तुकडा पाण्याखाली गेला. पुढे कारखानेच मंदावले आणि पाण्याची गरज कमी झाली. धरणग्रस्तांची दुःखं आपल्याला नवी नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. या तलावाच्या काठाने पायवाट फिरते आणि तिच्यावर १९९६ सालचं ख्रिस ड्र्युरीचं ‘वेव्ह चेंबर’ आहे. बाहेरून बघाल तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, दगडांवर दगड रचलेली घुमटी. वाकून आत जायचं. आत काळोख. डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो, आणि घाईतली माणसं याच वेळात बाहेर पडतात. मग हळूहळू पायाखालची फरशी हलायला लागते. घुमटीच्या माथ्यावर आरसा आणि भिंग बसवलंय. बाहेरच्या तलावावरच्या लाटांचं चित्र त्यातून खाली जमिनीवर पडतं. कॅमेऱ्याची सगळ्यात जुनी युक्ती, पण इथे आपण कॅमेऱ्याच्या पोटात उभे असतो. बाहेर लाटा दगडावर आपटतात त्याचा आवाज आत घुमतो आणि त्या आवाजाबरोबर पायाशी उजेड सरकतो. ज्या पाण्याने खोरं गिळलं, त्याच पाण्याच्या मधोमध उभं असल्याचा भास होतो.

फ्रान्सच्या आग्नेयेला दिन्य-ले-बाँ हे गाव आहे, आल्प्सच्या पायथ्याशी. आजूबाजूचे डोंगर चुनखडीचे आणि काळ्या मार्लचे. खडकांत प्राचीन समुद्रातल्या अमोनाइटांचे ठसे आहेत. या भूभागासाठी १९८४ मध्ये भूशास्त्रीय राखीव क्षेत्र झालं. गोल्ड्सवर्दी इथे नव्वदच्या दशकात आला आणि वर्षानुवर्षं परत येत राहिला. गावातल्या गासाँदी संग्रहालयाने त्याला साथ दिली. आधी त्याने बेस, आस आणि व्हाँसाँ या तीन नद्यांच्या खोऱ्यांत प्रत्येकी एक दगडी राखणदार उभा केला. अंड्याच्या आकाराचा, माणसाएवढा, कोरड्या दगडांचा. मग या तिघांना जोडणारी पायवाट सुचली. तिचं नाव ‘रफ्यूज दार’, लांबी सुमारे १५० किलोमीटर, पुरी करायला दहाएक दिवस.

या वाटेचा विशेष असा की ते तीन राखणदार सोडले तर गोल्ड्सवर्दीने नवीन काही बांधायचं शक्यतो टाळलं. त्या डोंगरांत ओस पडलेली घरं, पडकी देवळं, मेंढ्यांची वाडगी जागोजागी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माणसं खालच्या शहरांकडे गेली आणि गावं रिकामी झाली. त्याने त्यांतली काही निवडली. त्यांची पडकी भिंत, छप्पर पुन्हा उभं केलं आणि प्रत्येकात एकेक शिल्प वसवलं. शिल्प त्या घराचाच भाग आहे. हे आत गेल्यावरच कळतं. त्यांतल्या काही ठिकाणी रात्रीचा मुक्काम करता येतो. दिवसभर चढून थकलेला माणूस शेकोटी पेटवतो, बॅग टेकवतो आणि मग समोरच्या भिंतीकडे बघतो. व्हिए एस्क्लाँगोंच्या ओसाड गावातल्या घरात भिंतीवर मातीची नागमोडी रेघ उठावाने काढलेली आहे. नदी म्हणा, साप म्हणा, चालून आलेली पायवाट म्हणा. शेकोटीच्या उजेडात तिच्या कडा हलतात. इथे शिल्प रात्रभर आपल्या सोबत असतं, आणि सकाळी निघताना आपण दार ओढून घेतो. पाहण्यासाठी दिलेला वेळ आणि राहण्यासाठी दिलेला वेळ यांत काय फरक पडतो, हे मला या वाटेने शिकवलं.

दिन्यच्या गासाँदी संग्रहालयात गोल्ड्सवर्दीने एक अख्खी भिंत मातीने लिंपली आहे. ओली असताना ती सपाट होती. वाळताना तिला तडे गेले आणि तड्यांतून तीच नागमोडी रेघ वर आली. वाटेचा आरंभ या भिंतीपासून करावा असं मी सुचवेन.

जपानमधली गोष्ट निराळ्या धाटणीची. निगाता प्रांतातल्या एचिगो-त्सुमारी भागात हिवाळ्यात माणसाच्या डोक्यावरून बर्फ साचतं. डोंगरउतारांवर भाताची खाचरं, तरुण शहरांत, म्हाताऱ्यांच्या हाती शेती. फ्राम कितागावा यांनी २००० साली इथे दर तीन वर्षांनी भरणारं कलासंमेलन सुरू केलं. शिल्पं एका ठिकाणी गोळा न करता सुमारे ७६० चौरस किलोमीटरवर, गावागावांत पसरवली. पाहायचं तर गावातून जावंच लागेल, बांधावरून चालावंच लागेल, कोणाला तरी वाट विचारावीच लागेल, असा मुद्दाम केलेला बेत होता. सुरुवातीला गावकऱ्यांचा विरोध होता. असंख्य बैठका झाल्या. तोक्योहून आलेली तरुण मुलं घरोघर फिरली, शेतीत मदत करायला लागली, तेव्हा कुठे दारं उघडली.

मात्सुदाईतलं इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह यांचं ‘द राइस फील्ड्स’ हे काम त्या विरोधाच्या काळातलं. डोंगरावरच्या खाचरांत भाताच्या कामाचे टप्पे करणाऱ्या माणसांच्या रंगीत आकृत्या: नांगरणी, पेरणी, लावणी, कापणी, बाजार. नदीच्या अलीकडे एक चौकट, तिच्यावर मजकुराच्या ओळी लटकवलेल्या. योग्य जागी उभं राहिलं की ओळी आणि आकृत्या एकमेकांवर बसतात. त्या खाचरांचा मालक शेती सोडायच्या विचारात होता. त्याने आधी नकार दिला. आपल्या कामाचीच ही गोष्ट आहे हे पटल्यावर त्याने होकार दिला, आणि पुढे काही वर्षं तीच खाचरं लावत राहिला. लावणी झाली तरच हे शिल्प पूर्ण होतं. आवणाचं पाणी, हिरवी रोपं, पिवळी कणसं यांशिवाय त्या आकृत्या नुसत्या पत्र्याच्या उरतील. आपल्या भातखाचरांच्या डोंगरावर, चिखलातून घोट्यापर्यंत रुतत आवण लावलेल्या माणसाला हे शिल्प सगळ्यात आधी कळेल.

या सगळ्यामागे आणखी एक इंग्रज आहे, आणि त्याचा पाय महाराष्ट्राच्या मातीलाही लागलाय. १९६७ मध्ये बावीस वर्षांच्या रिचर्ड लाँगने लंडनहून गाडी पकडली, बाहेर एका माळावर उतरला आणि गवतावरून सरळ रेषेत येरझारा घातल्या. गवत दबून रेघ उमटली, तिचा त्याने फोटो काढला. काम एवढंच. चालणं हेच शिल्प, ही गोष्ट त्या फोटोने मांडली, आणि पुढच्या शिल्पवाटांना त्यातून धीर मिळाला. लाँग जगभर चालला, वाटेत दगडांची वर्तुळं, रेषा मांडत गेला. २००३ साली तो डहाणूकडच्या वारली मुलखात आला. तिथे जिव्या सोमा म्हसे होते. घराच्या भिंतीवर, पुढे कागदावर आणि कापडावर तांदळाच्या पांढऱ्या रेघांनी अख्खं रान, लग्नं, मासळीची जाळी, तारप्याभोवतीचा फेर मांडणारे म्हसे. लाँगने त्या मुलखात चालून, तिथल्या जमिनीवर कामं केली. त्याच वर्षी दोघांचं ‘डायलॉग’ नावाचं प्रदर्शन जर्मनीत ड्युसेलडॉर्फला झालं. एकाने वर्तुळ पायांनी काढलं, दुसऱ्याने बांबूच्या काडीने. म्हसे २०११ मध्ये पद्मश्री झाले आणि २०१८ मध्ये गेले. एका वारली कलाकाराला बरोबरीने समोर बसवून लाँगसारख्या माणसाने काम केलं, याची आपल्याकडे म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात अशा वाटा कराव्यात का, हे मला लोक विचारतात. कराव्यात, पण घाईने नाही. घाटमाथ्यावर आणि पर्यटनाच्या ठिकाणी आपण सिमेंटची, फायबरची, भडक रंगाची शिल्पं उभी करतो, पावसाळा संपायच्या आत ती रंग सोडतात. गावाला विचारल्याशिवाय आलेल्या शिल्पाला गाव पाणी घालत नाही. शिवाय आपल्याकडे एक शिल्पवाट आधीच पडून आहे. कोकणातल्या कातळसड्यांवर जांभ्यात कोरलेली चित्रं, कातळशिल्पं. माणसं, वाघ, मासे, पक्षी, भौमितिक आकार. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी. उक्षीला एक हत्ती आहे, त्याच्याभोवती जांभ्याचा गडगा घालून राखण केली आहे. २०२२ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्गातली आठ आणि गोव्यातलं एक अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली.

यांतली बहुतेक शोधून काढली ती गावकऱ्यांना विचारून. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायपीट केली. सड्यावर गुरं चारणाऱ्यांना हे कोरीव काम लहानपणापासून ठाऊक होतं. पांडवांनी केलं असं त्यांना आजी-आजोबांनी सांगितलेलं. शहरातल्या अभ्यासकाला जे सापडलं, ते गुराख्याला कधीच हरवलं नव्हतं. आता चिरेखाणी, रस्ते, सड्यावर उठणारी घरं यांनी हे कोरीव काम धोक्यात आलं आहे, आणि सड्याची मालकी बहुतांशी खाजगी. म्हणून कोकणातली पहिली शिल्पवाट नवी शिल्पं आणून होऊ नये. या खोदकामांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटा उघड्या कराव्यात, त्यांवर गावातले वाटाडे असावेत आणि जमिनीच्या मालकांना त्यातून काही मिळावं.

सड्यावर जायचं तर पावसाळ्यानंतर, गवत वाळलं की जावं. दुपारी उन्हात रेघा सपाट दिसतात. सकाळी किंवा सूर्य कलताना तिरक्या उजेडात त्या उठून येतात. चपला काढूनच वर पाय ठेवावा, खडूने किंवा पाण्याने रेघा उठवू नयेत. गावात आधी कोणाला तरी विचारावं, वाटाड्याला सोबत घ्यावं आणि त्याची बिदागी निघण्याआधी ठरवावी. पाणी जास्त न्यावं, कारण सड्यावर सावली मिळत नाही आणि उतरायला वाटतो त्याहून जास्त वेळ लागतो.